चार क्रियापदे आणि वर्णपट : क्लिंगॉन भाषेतील रंगवाचक शब्दांची व्यवस्था

एखाद्या भाषेत रंगांची नावे किती आहेत, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा आहे. नावे गोळा करावीत, मोजावीत आणि अर्थ द्यावेत, एवढेच काम त्यात दिसते. प्रत्यक्षात मात्र एकोणिसाव्या शतकापासून या मोजणीतून भाषिकांच्या दृष्टीविषयी, बुद्धीविषयी आणि संस्कृतीविषयी निष्कर्ष काढले गेले. विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरच्या महाकाव्यांवरील आपल्या ग्रंथात ग्रीक कवीच्या रंगवर्णनांतील विसंगतींकडे लक्ष वेधले, आणि त्या काळच्या ग्रीकांचे रंगेंद्रिय पुरते विकसित झाले नसावे असे अनुमान केले. जर्मन नेत्रवैद्य ह्यूगो माग्नुस यांनी १८७७ मध्ये हेच मत अधिक व्यापक स्वरूपात मांडले. पुढे जगाच्या निरनिराळ्या भागांतून प्रश्नावलीद्वारे माहिती गोळा केल्यावर १८८० मध्ये त्यांना ते बदलावे लागले, कारण ज्यांच्या भाषेत हिरव्या-निळ्याला वेगळे शब्द नव्हते त्यांनाही तो फरक दिसत होता.

ग्लॅडस्टन यांचा निष्कर्ष आज कोणी ग्राह्य मानीत नाही. परंतु त्यामागची ‘शब्द नाही, म्हणून जाणीव नाही’ ही विचारपद्धती अद्याप संपलेली नाही. आदिवासी किंवा ग्रामीण बोलींवर लिहिताना ती नकळत डोकावते. ही पद्धती नेमकी कोठे चुकते, हे पाहण्यासाठी एका कल्पित भाषेचे उदाहरण उपयोगी पडते. क्लिंगॉन ही ती भाषा होय. तिच्यात रंगवाचक शब्द अवघे चार आहेत.

१. भाषेची पार्श्वभूमी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत क्लिंगॉन ही परग्रहवासी लढवय्यी जमात १९६७ साली प्रथम अवतरली. १९७९ च्या चित्रपटात तिच्या तोंडी काही उद्गार घालण्यात आले. पुढे १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी भाषावैज्ञानिक मार्क ओक्रँड यांनी या उद्गारांना व्याकरण, वर्णव्यवस्था आणि शब्दसंग्रह यांची जोड देऊन एक संपूर्ण भाषा रचली. ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ हा त्यांचा कोश १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९२ मध्ये त्याची परिवर्धित आवृत्ती निघाली. १९९७ च्या ‘क्लिंगॉन फॉर द गॅलॅक्टिक ट्रॅव्हलर’ या पुस्तकात त्यांनी शब्दांच्या प्रत्यक्ष वापरासंबंधी बरीच भर घातली. ओक्रँड यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून, मुत्सून या कॅलिफोर्नियातील मूलनिवासी भाषेच्या व्याकरणावर पीएच.डी. मिळवली होती. युरोपीय चौकटीबाहेरच्या भाषांचा त्यांना परिचय होता, हे त्यांच्या कल्पित भाषेकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

रोमन लिपीत ही भाषा लिहिताना ओक्रँड यांनी लहान-मोठ्या अक्षरांतील भेदाचा उपयोग उच्चारभेद दाखवण्यासाठी केला. देवनागरीत त्यांपैकी काही भेद आपोआप साधतात, कारण क्लिंगॉनमध्ये मूर्धन्य ‘ड’ आणि मूर्धन्य ‘ष’ हे ध्वनी आहेत. ‘क’ जिभेच्या मागच्या टोकाने, पडजिभेपाशी उच्चारला जातो. तो येथे ‘क़’ असा लिहिला आहे.

२. चार शब्द

कोशात दिलेले रंगवाचक शब्द असे आहेत : ‘चिष’ म्हणजे पांढरा असणे, ‘क़िज’ म्हणजे काळा असणे, ‘डोक़’ म्हणजे लाल किंवा नारिंगी असणे, आणि ‘षूड’ म्हणजे हिरवा, निळा किंवा पिवळा असणे.

या अर्थांत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे प्रत्येक अर्थाच्या अखेरीस आलेले ‘असणे’. हे चारही शब्द क्रियापदे आहेत. क्लिंगॉनमध्ये विशेषण हा स्वतंत्र शब्दवर्ग नाही. मोठे असणे, जुने असणे, जड असणे या गुणांप्रमाणेच रंगही क्रियापदानेच सांगितला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘षूड’ची व्याप्ती. मराठी भाषकाला जे तीन निरनिराळे रंग वाटतात, ते येथे एका शब्दाच्या कक्षेत आले आहेत.

पहिल्या गोष्टीचे परिणाम वाक्यरचनेत स्पष्ट दिसतात. क्लिंगॉनमध्ये कर्म आधी, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम असतो. ‘डूज’ म्हणजे यान. ‘डोक़ डूज’ असे म्हटले, की क्रियापदानंतर कर्ता आला आणि ‘यान लाल आहे’ असे पूर्ण वाक्य झाले. ‘डूज डोक़’ असे म्हटले, की गुणवाचक क्रियापद नामामागे आले आणि ‘लाल यान’ असा पदबंध झाला. मराठीत ‘लाल यान’ आणि ‘यान लाल आहे’ यांतील भेद ‘आहे’ या क्रियापदाने दाखवला जातो. क्लिंगॉनमध्ये तो केवळ क्रमाने दाखवला जातो.

शिवाय, क्रियापदाला लागणारे प्रत्यय रंगालाही लागू शकतात. स्थित्यंतर दाखवणारा ‘चोख़’ हा प्रत्यय जोडून ‘डोक़चोख़’ म्हणजे लाल होणे, आणि प्रयोजक ‘मोख़’ हा प्रत्यय जोडून ‘डोक़मोख़’ म्हणजे लाल करणे, अशी रूपे सिद्ध होतात. मराठीत ‘काळवंडणे’सारखी काही रंगसंबद्ध क्रियापदे आहेत, पण ती बहुधा बदल दाखवतात, स्थिती नव्हे. ‘काळवंडला’ म्हणजे काळा झाला. नुसते ‘काळा आहे’ म्हणण्यासाठी विशेषणच लागते. क्लिंगॉनमध्ये स्थिती हीच मूळ क्रिया आहे आणि बदल हा प्रत्ययाने साधलेला विस्तार आहे.

ही रचना केवळ कल्पनेची करामत नाही. जपानी भाषेत ‘आकाइ’ (लाल), ‘आओइ’ (निळा-हिरवा), ‘शिरोइ’ (पांढरा) आणि ‘कुरोइ’ (काळा) हे शब्द क्रियापदाप्रमाणे काळानुसार रूप बदलतात आणि साहाय्यक क्रियापदाविना विधेय होऊ शकतात. जपानीतील सर्वांत जुने रंगवाचक शब्दही हेच चार मानले जातात. आणि ‘आओ’ची कक्षा निळ्याबरोबर हिरव्याच्या बऱ्याच भागावर पसरलेली आहे. वाहतुकीच्या हिरव्या दिव्याला जपानी माणूस आजही ‘आओ’च म्हणतो. त्याला हिरवा आणि निळा यांतील फरक कळत नाही असे मात्र कोणी म्हणणार नाही.

३. सीमा कोठे आखली

दुसरी गोष्ट रंगक्षेत्राच्या विभागणीची आहे. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९८ भाषांच्या सामग्रीवरून असे प्रतिपादन केले, की मूलभूत रंगवाचक शब्दांची संख्या भाषेगणिक बदलली तरी त्यांचा क्रम स्वैर नसतो. दोनच शब्द असतील तर ते काळा-पांढरा असतात. तिसरा आला तर लाल. त्यानंतर हिरवा किंवा पिवळा. मग त्यांपैकी उरलेला. त्यानंतर निळा, तपकिरी आणि शेवटी जांभळा, गुलाबी, नारिंगी, करडा. पुढे १९७८ मध्ये के आणि चॅड मॅक्डॅनियल यांनी आरंभीच्या अवस्थांतील शब्द हे संयुक्त वर्ग असतात असे मांडले. एकाच शब्दाच्या कक्षेत हिरवा-निळा किंवा लाल-पिवळा असे शेजारी रंग एकत्र नांदतात.

चार शब्दांची क्लिंगॉन या क्रमात तिसऱ्या अवस्थेत बसते. मात्र पिवळ्याची जागा अपेक्षेहून वेगळी आहे. चार शब्दांच्या ज्या भाषा अधिक परिचित आहेत, त्यांत पिवळा बहुधा लालाच्या बाजूला, म्हणजे उष्ण रंगांत जातो. फिलिपीन्समधील हानुनोओ भाषेविषयी हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी १९५५ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात चार रंगवर्ग सांगितले आहेत. त्यांत लाल, नारिंगी आणि पिवळा हे एकाच वर्गात येतात. क्लिंगॉनने पिवळा लालापासून तोडून हिरव्या-निळ्यात घातला आहे.

हे अशक्य आहे काय? तसे नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या आणि २००९ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘वर्ल्ड कलर सर्व्हे’ या ११० भाषांच्या पाहणीतून पिवळा-हिरवा-निळा असा संयुक्त वर्गही आढळला; ब्राझीलमधील काराजा भाषेचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. आणि पिवळ्या-हिरव्याचे नाते संस्कृतच्या अभ्यासकाला तर अपरिचित नाहीच. ‘हरि’ या शब्दाचे अर्थ पिवळसर, पिंगट आणि हिरवा असे सर्व दिले जातात. ‘हरित’ आणि ‘हरिद्रा’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. हरिद्रा म्हणजे हळद. हिरवे गवत आणि पिवळी हळद यांची नावे ज्या भाषेत एका मुळाशी जाऊन मिळतात, तिच्या अभ्यासकाला ‘षूड’ परका वाटण्याचे कारण नाही.

अन्य रचित भाषांशी तुलना केली असता ओक्रँड यांच्या निवडीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या एस्पेरांतोत व्याकरण सुलभ केले आहे, पण रंगांची विभागणी युरोपीय भाषांतली जशीच्या तशी ठेवली आहे. निळा, हिरवा, पिवळा यांना तीन स्वतंत्र शब्द आहेत. पॉल फ्रॉमर यांनी २००९ च्या ‘अवतार’ चित्रपटासाठी रचलेल्या नावी भाषेत ‘एआन’ या शब्दात निळा व हिरवा आणि ‘तुन’ या शब्दात लाल व नारिंगी एकत्र येतात. पिवळ्याला मात्र ‘रिम’ हा स्वतंत्र शब्द आहे. सोन्या लँग यांच्या २००१ मधील टोकी पोना या अत्यल्प शब्दांच्या भाषेतही निळा-हिरवा एकत्र आणि पिवळा निराळा अशीच मांडणी आहे. पिवळ्याला निळ्याच्या शेजारी बसवणारी या चौघींत क्लिंगॉन एकटीच आहे.

४. शब्द थोडे, साधने अनेक

येथे एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो : क्लिंगॉन हे लढवय्ये, त्यांना सौंदर्याची चाड नाही, म्हणून त्यांच्या भाषेत रंग थोडे. चित्रपटाच्या कथेत तो खपूनही जाईल. परंतु हा ग्लॅडस्टन यांच्याच अनुमानाचा नवा अवतार आहे, आणि खुद्द भाषेची सामग्रीच त्याच्या विरोधात जाते.

अधिक नेमके बोलावयाचे झाल्यास क्लिंगॉनमध्ये निदान तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला प्रत्ययाचा. ‘क़ू’ हा भर देणारा प्रत्यय लावून ‘डोक़क़ू’ म्हटले, की नारिंगीकडे झुकणारा नव्हे तर खरा लाल, आणि ‘षूडक़ू’ म्हटले, की निळा-पिवळा नव्हे तर खरा हिरवा सुचवता येतो. भर देण्याचा प्रत्यय येथे केवळ तीव्रता वाढवीत नाही. तो अर्थाला कक्षेच्या काठावरून मध्याकडे ओढतो. दुसरा मार्ग दोन क्रियापदांच्या जोडणीचा. ‘षूड एज वोव’ म्हणजे ‘षूड आहे आणि उजळ आहे’. यातून पिवळा सूचित होतो. ‘वोव’च्या जागी ‘ख़ूर्ग़’, म्हणजे गडद असणे, हे क्रियापद ठेवले, की छटा दुसऱ्या टोकाला जाते. तिसरा मार्ग उपमेचा. ‘रूर’ म्हणजे सारखे असणे, आणि ‘चाल’ म्हणजे आकाश. ‘षूड’ असे सांगून पुढे ‘चाल रूर’ जोडले, की ‘आकाशासारखे’ आणि पर्यायाने निळा हा अर्थ निघतो. याच रीतीने नारिंगीसाठी एका खनिजाची आणि तपकिरीसाठी एका काल्पनिक प्राण्याच्या ओठाची उपमा वापरली जाते.

मराठीशी तुलना केली तर हे मार्ग ओळखीचे वाटतात. त्यांची वाटणी तेवढी निराळी आहे. मराठीत भर देण्यासाठी प्रत्येक रंगाला स्वतःचा जोडीदार असतो : पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक, निळाशार. ‘हिरवाभडक’ म्हटल्यास अर्थच पालटतो आणि ‘पिवळाकुट्ट’ कोणी म्हणत नाही. उलट मध्यापासून काठाकडे जाण्यासाठी पांढरट, पिवळसर, तांबूस, काळपट अशी रूपे आहेत. क्लिंगॉन एकाच प्रत्ययाने जे काम करते ते मराठी अनेक शब्दांनी करते. आणि ज्या छटेसाठी क्लिंगॉनला उपमेचे वाक्य लागते, तिथे मराठीने ती उपमा शब्दातच मुरवली आहे. जांभळा हा जांभळाचा, तपकिरी हा तपकिरीचा, राखाडी हा राखेचा आणि गुलाबी हा गुलाबाचा रंग. ही सर्व एके काळी ‘अमक्यासारखा’ अशी विधानेच होती. वापराने त्यांची विशेषणे झाली. क्लिंगॉनला बोलणाऱ्यांच्या पिढ्यांचा इतिहास नाही. म्हणून तिच्यात हा प्रवास पहिल्या टप्प्यावर, उघड उपमेच्या रूपात, थांबलेला दिसतो.

५. भाषांतराची कसोटी

या व्यवस्थेची खरी परीक्षा भाषांतरात होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे क्लिंगॉन रूपांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा भाषांतराचा प्रश्न केवळ खेळापुरता उरला नव्हता. ‘पिवळी पाने गळली, हिरवी उरली’ हे साधे मराठी वाक्य घ्यावे. शब्दाला शब्द ठेवल्यास ‘षूड पाने गळली, षूड पाने उरली’ अशी स्थिती होते आणि वाक्याचा प्राणच जातो. भाषांतरकाराला थांबून विचारावे लागते, की मूळ वाक्यातील विरोध कशाचा आहे? पाहू गेल्यास तो रंगाचा नाहीच. तो वाळलेल्या आणि ताज्या पानांचा आहे. मराठीत तो रंगाच्या आधाराने व्यक्त झाला, एवढेच. कॉन्क्लिन यांनी हानुनोओ रंगवर्गांविषयी नेमके हेच दाखवले होते : तेथे लालाचा शब्द वाळलेपणाशी आणि हिरव्याचा शब्द ओलसर ताजेपणाशी जोडलेला आहे. क्लिंगॉनमधील अडचण मराठी वाक्याचा दडलेला अर्थ उघड करते.

उलट दिशेने पाहिले तर अडचण मराठीची होते. ‘डूज षूड’ या पदबंधाचे मराठी भाषांतर करताना हिरवे, निळे की पिवळे यांतून एक निवडावेच लागते. मूळात न घेतलेला निर्णय मराठी घ्यायला लावते. रोमान याकबसन यांनी १९५९ मध्ये भाषांतरावरील आपल्या निबंधात हेच तत्त्व मांडले : भाषांतील महत्त्वाचा भेद त्या काय सांगू शकतात यात नसून, काय सांगितल्यावाचून त्यांना सुटका नसते यात आहे. क्लिंगॉन पिवळा सांगू शकते. तिच्यावर तो सांगण्याची सक्ती नाही.

६. उदाहरणाची मर्यादा आणि उपयोग

या उदाहरणाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. शब्दांचा विचारावर किंवा दृष्टीवर परिणाम होतो काय, याचा पुरावा क्लिंगॉन देऊ शकत नाही. ती बोलणाऱ्यांना आणखी एखादी भाषा, बहुधा मातृभाषा म्हणून, अवगत असतेच. त्यांच्या डोळ्यांवर ‘षूड’चा एकट्याचा संस्कार झालेला नसतो. तो प्रश्न नैसर्गिक भाषांच्या प्रयोगांनीच सोडवावा लागतो. एलनॉर रॉश यांनी न्यू गिनीतील दानी भाषकांवर केलेल्या १९७० च्या दशकातील प्रयोगांतून, दोनच मूलभूत रंगशब्द असूनही रंगांची स्मृती इंग्रजी भाषकांच्या वळणाने चालते असा निष्कर्ष काढला. याउलट डेबी रॉबर्सन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये पापुआ न्यू गिनीतील बेरिन्मो भाषकांबाबत, स्वतःच्या भाषेतील सीमारेषेपाशी फरक ओळखणे सुकर होते असे दाखवले. म्हणजे शब्द डोळे देत नाहीत किंवा काढूनही घेत नाहीत. सीमेजवळच्या जलद निवडीत मात्र त्यांचा हात असू शकतो. ही भूमिका ग्लॅडस्टन यांच्या भूमिकेहून फार वेगळी आहे.

क्लिंगॉनचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी आहे. नैसर्गिक भाषेत व्याप्ती, व्याकरण, व्युत्पत्ती आणि रूढी यांचा गुंता झालेला असतो. कल्पित भाषेत ती व्याप्ती एका ज्ञात व्यक्तीने, ज्ञात वर्षी ठरवलेली असते. म्हणून कोश आणि व्याकरण यांच्यातील कामाची वाटणी तिथे स्वच्छ दिसते. कोशाने चार शब्द दिले आहेत. उरलेले काम प्रत्यय, जोडणी आणि उपमा यांच्याकडे सोपवले आहे. केवळ कोश चाळणाऱ्याला चारच रंग दिसतील. वाक्ये ऐकणाऱ्याला त्याहून पुष्कळ अधिक दिसतील.

बोलींच्या अभ्यासात याचा थेट उपयोग आहे. बोलीतील रंगशब्दांची यादी करताना संशोधकाने प्रमाण मराठीची नावे पुढे ठेवून ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारले, तर रिकाम्या जागाच हाती येतील आणि त्या दारिद्र्याच्या खुणा ठरतील. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. रंग कोणत्या शब्दवर्गाने सांगितला जातो : विशेषणाने, क्रियापदाने की नामाने? एका शब्दाची कक्षा कोठे सुरू होते आणि कोठे संपते? आणि त्या कक्षेच्या आत भेद करायचा झाल्यास बोलणारा कोणते साधन वापरतो : प्रत्यय, जोडशब्द, की पान, माती, धान्य यांची उपमा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शब्दसूचीत अंशतः सापडतात. तिसऱ्याचे उत्तर केवळ बोलण्यातून सापडते. आणि ज्यांच्या भाषेत ‘शब्द नाहीत’ अशी नोंद होते, त्यांची बरीचशी रंगजाणीव या तिसऱ्या उत्तरातच असते.